१३ पानं की ९? जुन्या अमेरिकन सुवर्णनाण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

(फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९५ ते १८३४ या काळात पाडलेल्या सोन्याच्या नाण्यांवर गेल्या अंकात एक टिपण आलं होतं. त्यावर आलेल्या निवडक प्रश्नांना लेखकानेच ही उत्तरं दिली आहेत. लेखक मूळचे पिंपरीच्या एका कारखान्यातल्या टूलरूमचे डायमेकर, म्हणजे पोलादी ठसे-साचे घडवणारे कारागीर. आता न्यू जर्सीत असतात. – संपादक)

प्रश्न : १७९५ सालच्या दहा डॉलरच्या नाण्यांत ‘१३ पानांचं’ आणि ‘९ पानांचं’ असा भेद करतात आणि ९ पानांच्या नाण्याला कितीतरी पट जास्त किंमत येते, असं तुम्ही लिहिलं होतं. साल तेच, सोनं तेच, वजनही तेच. मग हे विक्रेत्यांनी काढलेलं खूळ नाही का? – नाशिकहून एक वाचक

उत्तर : खूळ अजिबात नाही. आधी पानं कुठली ते सांगतो. दहा डॉलरच्या नाण्याला ‘ईगल’ म्हणतात. १७९५ च्या ईगलच्या मागच्या बाजूला काटक अंगाचा एक गरुड पंख पसरून उभा आहे. त्याच्या चोचीत गोल हार आहे आणि पायाखाली ताडाची फांदी. पानं मोजायची ती या फांदीची. बहुतेक नाण्यांवर १३ भरतात आणि मोजक्या नाण्यांवर ९. नाणं पाडायला पोलादी ठशांची जोडी लागते, एक ठसा पुढच्या बाजूचा आणि एक मागच्या. त्या वर्षीचे ईगल पाडायला ठशांच्या पाच वेगवेगळ्या जोड्या वापरल्या गेल्या आणि ९ पानांचा ठसा त्यातल्या एकाच जोडीत आहे. त्या जोडीची आज माहीत असलेली नाणी वीस-पंचवीसच्या घरात आहेत.

आता हा फरक पडला कसा? आजच्या टांकसाळीत एका मूळ साच्यावरून हवे तितके हुबेहूब ठसे निघतात. १७९५ मध्ये तसं नव्हतं. मुख्य आकृतीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या मुखवट्याचा वगैरे, तेवढा एक मोठा पंच (ठोकून आकृती उमटवायचं पोलादी हत्यार) असायचा. बाकी सगळं ठशात एकेक करून हाताने बसवायचं. तारे एकेक, अक्षरं एकेक, सालाचे आकडे एकेक. पोलाद मऊ आहे तोवर हातोडीने पंच ठोकायचे, मग ठसा लालभडक तापवून त्याला पाणी द्यायचं, म्हणजे एकदम थंड करून कडक करायचं. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी पोलादाला पाणी दिलंय त्यांना माहीत आहे की याच घडीला ठसा तडकतो आणि सगळी मेहनत मातीत जाते. फिलाडेल्फियाच्या सातव्या रस्त्यावरच्या त्या पहिल्या टांकसाळीत हे नेहमीचं दुखणं होतं. पोलाद चांगलं मिळत नसे आणि ठसे लवकर चिरत. चिरले तरी चालतील तितके दिवस चालवत.

म्हणून त्या काळातला प्रत्येक ठसा दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे. एखादा तारा देवीच्या केसांना चिकटलेला, एखाद्या अक्षराचा पाय खाली घसरलेला, कुठे सालाचा शेवटचा आकडा गळ्याला टेकलेला. १७९५ च्या पाच डॉलरच्या एका ठशात तर ‘स्टेट्स’ या शब्दाच्या शेवटी आधी ‘डी’ ठोकला गेलाय आणि चूक लक्षात आल्यावर त्याच्यावरच ‘एस’ मारलाय. भिंगाखाली एसच्या मागे डीची पाठ स्पष्ट दिसते. ठसे करणारे रॉबर्ट स्कॉट आणि त्यांच्या हाताखालची माणसं यांनी त्या दिवशी काय केलं, हे तुम्ही सव्वादोनशे वर्षांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघता. मला या नाण्यांचं वेड लागलं ते यामुळे. सोन्यामुळे नाही.

प्रश्न : नाण्यांच्या यादीत ‘बीडी-३’, ‘आर-६’ अशी अक्षरं दिसतात. त्यांचा अर्थ काय? – कोल्हापूरहून एक वाचक

उत्तर : बीडी म्हणजे बास आणि डॅनरॉयथर. टेक्सासच्या डॅलस शहरातले हॅरी बास यांनी सुरुवातीच्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांचा असा संग्रह केला की एकाच सालाच्या शक्य तितक्या ठशांच्या जोड्या आणि त्याच जोडीच्या झिजेच्या वेगवेगळ्या अवस्थाही त्यांच्याकडे होत्या. १९९८ मध्ये ते गेले. त्यांच्या टिपणांवर जॉन डॅनरॉयथर यांनी पुढे काम केलं आणि २००६ मध्ये दोघांच्या नावाने ग्रंथ आला. तेव्हापासून हे क्रमांक रूढ आहेत. प्रत्येक सालासाठी मोजणी नव्याने सुरू होते. १७९५ च्या ईगलमध्ये ९ पानांची जोडी म्हणजे बीडी-३.

‘आर’चा आकडा दुर्मीळतेचा. आर-४ म्हणजे ७६ ते २०० नाणी माहीत, आर-५ म्हणजे ३१ ते ७५, आर-६ म्हणजे १३ ते ३०, आर-७ म्हणजे ४ ते १२ आणि आर-८ म्हणजे जास्तीत जास्त तीन. हे आकडे कायमचे नसतात. कुठल्यातरी बँकेच्या लॉकरमधून नवं नाणं बाहेर आलं की बदलतात.

प्रश्न : नाणं कुठल्या जोडीचं आहे हे कळून इतिहासात खरंच काही भर पडते का? – बडोद्याहून एक वाचक

उत्तर : पडते, आणि भरपूर. एक उदाहरण देतो. १७९५ साल असलेली पाच डॉलरची नाणी दोन प्रकारची आहेत. एकावर तो काटक गरुड आहे, तर दुसऱ्यावर छातीवर ढाल असलेला, डोक्यावर ढग आणि तारे असलेला राजमुद्रेचा गरुड. आता हा दुसरा गरुड १७९५ मध्ये वापरातच नव्हता. मग हे नाणं कुठून आलं? अभ्यासकांनी ठसे जुळवले तेव्हा दिसलं की मागच्या बाजूचे ठसे नंतरच्या काळातले आहेत आणि पुढच्या बाजूला १७९५ चा शिल्लक राहिलेला ठसा लावलाय. ही नाणी १७९८ च्या सुमारास पाडलेली आहेत. पोलाद महाग आणि ठसा करायला कष्ट फार, त्यामुळे जुन्या सालाचा ठसा धडधाकट असेल तर तो वापरायचा, असा सरळ हिशेब होता. याच्या उलटही झालंय. १७९८ साल आणि जुना काटक गरुड अशी जोडी आहे, तिची आज दहासुद्धा नाणी माहीत नाहीत.

क्रम लावायचा तो चिरांवरून. ठशाला भेग पडली की तिथे धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक उंच रेषा उमटते. ही रेषा कधी मागे जात नाही, वाढतच जाते. त्यामुळे रेषा नसलेलं नाणं आधीचं, छोटी रेषा असलेलं त्यानंतरचं, कडेपर्यंत पोचलेली रेषा असलेलं शेवटचं. सरकारी दप्तरात फक्त ‘अमुक तारखेला इतकी नाणी दिली’ एवढीच नोंद असते, त्यावर साल कुठलं होतं ते नसतं. १८०१ मध्ये पाच डॉलरची हजारो नाणी दिल्याची नोंद आहे, पण १८०१ साल छापलेलं पाच डॉलरचं एकही नाणं नाही. आणि १८०२ च्या प्रत्येक पाच डॉलरवर २ च्या खाली १ दिसतो. दप्तर आणि नाणं अशी दोन्ही शेजारी ठेवली की गोष्ट उलगडते.

ताऱ्यांचंही तसंच. १७९५ च्या नाण्यांवर १५ तारे आहेत, कारण राज्यं १५ होती. १७९६ च्या जूनमध्ये टेनेसी सामील झालं आणि तारे १६ झाले. मग लक्षात आलं की असंच चालू राहिलं तर नाण्यावर जागा उरणार नाही, आणि ते १३ वर आणले.

प्रश्न : १८२२ च्या पाच डॉलरच्या नाण्याची आठ-नऊ कोटी नाही, चक्क साठ कोटी रुपयांच्या घरात किंमत आली म्हणतात. त्या वर्षी नाणी कमी पाडली होती का? – ठाण्याहून एक वाचक

उत्तर : इथेच लोक फसतात. १८२२ मध्ये पाच डॉलरच्या १७,७९६ नाण्यांची नोंद आहे. आज तीन उरली आहेत. त्यातली दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत, ती कधी विकली जाणार नाहीत. तिसरं बाल्टिमोरच्या लुई एलियासबर्ग यांच्या संग्रहात होतं. १९८२ मध्ये ते ६,८७,५०० डॉलरला गेलं आणि मार्च २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरला.

बाकीची गेली कुठे? मुशीत. याचं कारण १७९२ च्या नाणेकायद्यात आहे. त्या कायद्याने सोन्या-चांदीचं प्रमाण १ ला १५ असं ठरवलं. म्हणजे एक भार सोनं बरोबर पंधरा भार चांदी. युरोपात मात्र सोनं याहून महाग होत गेलं. फ्रान्सने १८०३ मध्ये साडेपंधराचं प्रमाण धरलं. मग व्यापारी काय करणार? अमेरिकेत चांदी देऊन सोन्याचं नाणं घ्यायचं, जहाजात घालून युरोपला न्यायचं आणि तिथे वितळवायचं. नाणी टांकसाळीतून निघायची ती जवळजवळ थेट बंदरावर. दहा डॉलरची नाणी तर याच कारणाने १८०४ अखेर बंदच केली आणि ती पुन्हा सुरू झाली १८३८ मध्ये.

मग आला जून १८३४ चा कायदा. जुन्या पाच डॉलरमध्ये शुद्ध सोनं होतं ८.०२ ग्रॅम. नव्यात ठेवलं ७.५२ ग्रॅम. त्या दिवसापासून जुन्या पाच डॉलरच्या नाण्यात नव्या हिशेबाने साधारण ५ डॉलर ३३ सेंटचं सोनं झालं. असं नाणं कोण कशाला पाचाला खर्च करेल? घरोघरी, बँकाबँकांत जे काही जुनं उरलं होतं तेही वितळलं. नवं नाणं चटकन ओळखता यावं म्हणून त्यावरचं ‘ई प्लुरिबस युनम’ हे ब्रीदवाक्य काढून टाकलं. ब्रीदवाक्याची पट्टी नसेल तर नवं, असेल तर जुनं आणि जड.

म्हणून माझं नेहमी सांगणं असतं की किती पाडली हा आकडा बघून दुर्मीळता ठरवू नका. किती उरली ते विचारा. १८१५ ची पाच डॉलरची फक्त ६३५ नाणी पाडली गेली आणि तरीही १८२२ पेक्षा ती जास्त उरली आहेत.

प्रश्न : मला यातलं एखादं नाणं घ्यायची इच्छा आहे. मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. सुरुवात कुठून करावी? – पुण्याहून एक वाचक

उत्तर : सुरुवात खरेदीने करू नका, बघण्याने करा. मोठ्या लिलावांच्या आधी नाणी बघायला ठेवतात. नाव नोंदवून मुलगा तिथे जाऊन बसू शकतो, हातात घेऊन पाहू शकतो. बाल्टिमोरच्या नाणे-प्रदर्शनात मी दर खेपेला हेच करतो. खरेदी नसली तरी चालतं, कोणी हटकत नाही. सात ते दहा पटीचं भिंग पुरे. दिवा समोर न ठेवता बाजूला ठेवावा आणि नाणं बोटांच्या चिमटीत कडेने धरून हळूहळू फिरवावं. सपाट उजेडात चिरा दिसत नाहीत.

घ्यायचंच असेल तर दहा डॉलरमध्ये १८०१ ची बीडी-२ ही जोडी आणि १७९९ ची काही नाणी इतरांपेक्षा सहज मिळतात. पाच डॉलरमध्ये १८०२, १८०३, १८०६ आणि १८०७ बघा. अडीच डॉलरच्या वाटेला पहिल्यांदा जाऊ नका. ती सगळीच विरळ आहेत. १७९६ ची तारे नसलेली ९६३ पाडली आणि तारे असलेली ४३२ एवढीच.

माझ्याकडे या मालिकेतलं एकच नाणं आहे, १८०६ चं पाच डॉलरचं. त्या सालात दोन तऱ्हेचे ६ सापडतात. एकाचं वरचं टोक निमुळतं, दुसऱ्याच्या टोकाला गोल गाठ. माझं गाठीच्या ६ चं आहे, तारे डावीकडे ७ आणि उजवीकडे ६. ही त्या सालातली सर्वांत सहज मिळणारी जोडी. झिजलेलं आहे, देवीच्या टोपीवरच्या घड्या पुसट झाल्यात, पण कडेचे दात पूर्ण आहेत आणि कोणी घासलेलं नाही. झिजलेलं पण निर्मळ नाणं आणि चकचकीत पण पुसलेलं नाणं यात मी डोळे मिटून पहिलं घेईन. पीसीजीएस किंवा एनजीसी या संस्थांनी पारखून सीलबंद केलेलंच घ्या. त्यांच्या चिठ्ठीवर ‘डिटेल्स’ शब्द असेल तर नाण्याला काहीतरी इजा आहे असं समजायचं : घासलेलं, झाळलेलं किंवा दागिन्यातून काढलेलं.

प्रश्न : एका १७९५ च्या नाण्याच्या फोटोत देवीच्या चेहऱ्यावर समांतर ओरखडे दिसले. तरी त्याला चांगला दर्जा दिला होता. हे कसं? – साताऱ्याहून एक वाचक

उत्तर : ते ओरखडे नंतरचे नाहीत, नाणं पाडण्याच्या आधीचे आहेत. सोन्याच्या चकत्या कापल्या की एकेक चकती तराजूत घालत. हलकी भरली तर पुन्हा वितळवायची. जड भरली तर कानस घेऊन घासायची, वजन बरोबर येईपर्यंत. मग ती प्रेसखाली जायची. प्रेस हाताने फिरवायचा स्क्रूचा होता, दाब पुरेसा बसला नाही की कानशीच्या रेघा पूर्ण दबत नसत. त्या राहिल्या. नीट बघितलं तर या रेघा अक्षरांच्या आणि ताऱ्यांच्या उंचवट्यावर असतात, पण त्यांच्या कडा धारदार नसतात, दाबाने गुळगुळीत झालेल्या असतात. नंतरचा ओरखडा धातू उपसून बाजूला टाकतो, त्याची कड वर आलेली असते. बोटाला नाही, पण भिंगाखाली हा फरक कळतो.

पाच डॉलरचं कायदेशीर वजन ८.७५ ग्रॅम होतं आणि ते पाळण्यासाठी ही एवढी कानस चाले. त्याआधी सोन्या-चांदीला हात लावायला मुख्य टंककार आणि पारखी यांनी प्रत्येकी दहा हजार डॉलरचा जामीन द्यावा असं अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठरवलं होतं. एवढी रक्कम त्यांच्यापाशी कुठली? ती कमी करावी लागली तेव्हा कुठे काम सुरू झालं. पहिली ७४४ सोन्याची नाणी ३१ जुलै १७९५ ला तयार होऊन बाहेर पडली.

प्रश्न : आजीच्या मोहरांच्या माळेत एक अमेरिकन नाणं आहे. साल अठराशे काहीतरी, त्यावर गरुड. ते अमेरिकेला पाठवून तपासून घेऊ का? – अहिल्यानगरहून एक वाचक

उत्तर : ताई, आधी घरीच तपासा. माळेत साधारणपणे जी अमेरिकन नाणी सापडतात ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा विसाव्या शतकाच्या सुरुवातीची असतात. पाच डॉलरचं नाणं असेल तर व्यास मोजा. जुन्या मालिकेचं साधारण २५ मिलिमीटर भरतं आणि नंतरचं २१.६. वजनात जुनं ८.७५ ग्रॅम, नंतरचं ८.३६. मात्र माळेत ओवण्यासाठी कडी झाळलेली असेल तर वजनावर विसंबता येणार नाही. सोनाराकडे कस काढताना नाणं कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. आजकाल क्ष-किरणांच्या यंत्रावर ओरखडा न पडता कस कळतो. २२ कॅरेटच्या आसपास आला तर पुढे बोलता येईल, ९० टक्क्यांच्या आसपास आला तर ते १८३४ च्या कायद्यानंतरचं.

कडी काढू नका. ती काढताना आणखी एक जखम होते आणि किंमत परत येत नाही. आणि पाठवण्याची घाई नको. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतं आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा. सालाचा आणि गरुडाचा असे दोन स्वच्छ फोटो मासिकाकडे पाठवा, मी बघून सांगतो.

प्रश्न : या नाण्यांचा मुंबईशी कधी काही संबंध आला का? – गिरगावातून एक वाचक

उत्तर : आला, आणि मला ही हकीकत फार प्रिय आहे. १८३४ मध्ये अमेरिकेने पूर्वेकडच्या राजांना भेट देण्यासाठी आपल्या नाण्यांचे संच करायचं ठरवलं. दहा डॉलरचं नाणं तर तीस वर्षं बंद होतं. मग टांकसाळीने १८०४ साल घालून नवे ठसे केले. १८०४ च्या अस्सल ईगलवर ४ च्या आडव्या दांडीच्या टोकाला छोटी उभी रेघ आहे, या नव्यांवर दांडी साधी सुटी सोडलेली आहे. एवढ्या एका रेघेवरून तीस वर्षांचा फरक ओळखता येतो.

हे संच घेऊन एडमंड रॉबर्ट्स हा दूत ‘पीकॉक’ नावाच्या युद्धनौकेवरून निघाला. १८३५ च्या सप्टेंबरात अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ मसिरा बेटाशी ती नौका रुतून बसली. ओझं कमी करायला तोफा समुद्रात टाकाव्या लागल्या. शेवटी ती मोकळी झाली, मस्कतला पोचली, सुलतान सय्यद सईद याला त्याचा संच मिळाला आणि मग डागडुजीसाठी ‘पीकॉक’ आपल्या मुंबई बंदरात आली. सयामच्या राजाचा संच तेव्हा अजून द्यायचा होता. तो पुढे १८३६ च्या एप्रिलमध्ये बँकॉकला दिला गेला आणि दोनच महिन्यांनी रॉबर्ट्स मकावला वारला. सयामचा हा संच, त्यातल्या १८०४ च्या साध्या ४ च्या ईगलसकट, १९६२ मध्ये जगासमोर आला.

१८३५ च्या त्या मुक्कामाबद्दल मुंबईच्या तेव्हाच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत किंवा गोदीच्या नोंदींत काही आलं असेल तर ते मला वाचायचंय. तुम्ही गिरगावात राहता, एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय तुम्हाला जवळ आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर १८३५ चे अंक चाळायला मिळाले तर जरूर कळवा.